दहिवलीची जाहिरात दहिवलीला दिसत नाही

कर्जतच्या चारफाट्यावर आज कुणाचा वाढदिवस आहे, हे कुणाला विचारावं लागत नाही. फ्लेक्स सांगतो. वर मोठ्या साहेबांचे चेहरे, मध्ये उत्सवमूर्ती गॉगल लावून, आणि खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची पट्टी. ही पट्टी मी नेहमी बारकाईने वाचतो. कोण कुणाच्या गोटात गेलं, गेल्या वर्षी असलेला कुणाचा फोटो यंदा गळाला, सगळं तिच्यात असतं. फ्लेक्सने रस्ते विद्रूप होतात हे खरंच आहे, पण त्याचा एक गुण मान्य करायला हवा. मुरबाडकडे जाणारा, नेरळहून येणारा, विरोधी पक्षाचा कार्यकर्ता, शाळेतलं पोर आणि तहसील कचेरीतला कारकून, सगळे तोच एक फलक बघतात. त्यावर लिहिलेलं खोटं असेल तर ते ओळखणारा माणूस दिवसभरात त्याखालून जातोच.

आता दुसरा प्रसंग. मुलुंडला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा फोन आला, ''अरे, तुमच्या दहिवलीत प्लॉट निघालेत आणि तू काही बोलला नाहीस!'' तिने पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये धुक्यातला डोंगर होता, लाकडी बंगली होती, विमानतळ काही मिनिटांवर होता आणि 'बुकिंग चालू' होतं. माझ्या फोनवर ती जाहिरात कधीच आली नव्हती. शेजाऱ्यांच्या नाही, चहाच्या टपरीवर बसलेल्या चौघांच्याही नाही. आमच्या गावाची जाहिरात आम्ही सोडून सगळ्यांना दिसत होती.

शिवाय कोणती दहिवली? कर्जत तालुक्यात दोन आहेत. एक दहिवली तर्फे नीड, म्हणजे कर्जत शहरातली, स्टेशनहून उल्हास ओलांडली की लागते ती. दुसरी दहिवली तर्फे वरेडी, नेरळ-कळंब रस्त्यावरची, जिथला पूल पावसाळ्यात पाण्याखाली गेल्याची बातमी दरवर्षी वाचायला मिळते. जाहिरातीत नुसतंच 'दहिवली' होतं.

असं का होतं, हे समजायला जाहिरात देणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहावं. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर जाहिरात द्यायला गेलं की समोर नकाशा येतो. मुलुंडवर टाचणी रोवायची, भोवती काही किलोमीटरचं वर्तुळ काढायचं. मग वय निवडायचं, समजा पस्तीस ते पंचावन्न. मग आवडीनिवडी: ट्रेकिंग, शेती, गुंतवणूक. आपल्याकडे जुन्या ग्राहकांच्या मोबाइल नंबरांची यादी असेल तर तीही चढवता येते. कंपनी त्यातली माणसं आपल्या खातेदारांत शोधून काढते आणि 'यांच्यासारखीच आणखी माणसं' हवी असतील तर तीही जमवून देते. एखादा भाग वगळायचा तर तशी सोय आहे. पुढे लिलाव चालतो. कुणाच्या पडद्यावर कोणती जाहिरात जावी याचा निर्णय दर वेळी क्षणार्धात होतो. त्यात बोली किती यासोबत हा माणूस बोट लावण्याची शक्यता किती, हेही धरलेलं असतं.

यात कपट असतंच असं नाही. दहिवलीतला माणूस दहिवलीत त्या भावाने प्लॉट घेणार नाही, मग त्याच्यावर पैसे कशाला घालवायचे? धंद्याचा हिशोब सरळ आहे. पण त्या हिशोबात एक गोष्ट आपोआप घडते. ती जागा जुलैत किती दिवस चिखलात असते हे ज्याला माहीत आहे, त्या सातबाऱ्यावर किती चुलत भावांची नावं आहेत हे ज्याने पाहिलं आहे, नेमका तोच माणूस प्रेक्षकांतून बाहेर जातो. उरतात ते विश्वास ठेवणारे. सोशल मीडियावरच्या जाहिरातींची पारदर्शकता हा शब्द ऐकायला जड वाटतो. माझ्यापुरता त्याचा अर्थ इतकाच, की त्या फलकाखालून आम्हालाही जाता आलं पाहिजे.

छापील कागदाच्या बाबतीत आपण हे फार पूर्वी ठरवून टाकलं होतं. निवडणुकीचं कुठलंही पत्रक उलटून पाहा, तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं आणि पत्ते असतात. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७-अ. प्रकाशकाने आपण कोण आहोत याचं सही केलेलं निवेदन छापखान्याला द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी त्यावर साक्ष घालायची आणि छापखान्याने त्या निवेदनासह पत्रकाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन हजार ही रक्कम आज हसू आणणारी आहे, पण निवडणुकीत छापखानेवाले निवेदनाशिवाय मशीन चालवायला कचरतात ते या कलमामुळेच. मजकूर कोणाचा हे कळलं पाहिजे आणि त्याची एक प्रत कुठेतरी जपून राहिली पाहिजे, ही दोन तत्त्वं त्यात आहेत. फोनवरच्या जाहिरातीने सुरुवातीला दोन्ही धाब्यावर बसवली.

याची पहिली मोठी किंमत अमेरिकेला कळली. २०१७ च्या सप्टेंबरात फेसबुकने कबूल केलं, की रशियाशी जोडलेल्या बनावट खात्यांनी दोन वर्षांत सुमारे तीन हजार जाहिराती विकत घेतल्या होत्या, एकूण सुमारे एक लाख डॉलरच्या. काहींचे पैसे तर रुबलमध्ये भरले होते. रक्कम मोठी नव्हती. पण निवडणूक होऊन गेली, तरी देशात बाहेरच्यांनी काय दाखवलं आणि कुणाला दाखवलं याचा पत्ता कुणालाच नव्हता. कारण त्या जाहिराती ज्यांना दिसल्या त्यांनाच दिसल्या. कायदा येऊ घातला होता. तो यायच्या आत कंपन्यांनी स्वतःच दारं किलकिली केली. २०१८ च्या मे महिन्यात फेसबुकने अमेरिकेत राजकीय जाहिरातींचा संग्रह खुला केला. पुढे त्याचं नाव ॲड लायब्ररी झालं.

भारतात हे आलं २०१९ च्या फेब्रुवारीत, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर. त्यामागे मुंबईचाही एक धागा आहे. ॲडव्होकेट सागर सूर्यवंशी यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. मतदानाआधीच्या ४८ तासांत समाजमाध्यमांवर पैसे देऊन चालणारा राजकीय मजकूर थांबवावा, ही त्यांची मागणी. २०१९ च्या जानेवारीत तिची सुनावणी मुख्य न्यायमूर्ती नरेश पाटील यांच्या खंडपीठापुढे झाली. या ४८ तासांबद्दल कलम १२६ मध्ये जी बंदी आहे, तिच्यात चित्रपट, दूरचित्रवाणी 'किंवा तत्सम उपकरण' असे शब्द आहेत. खिशातला फोन हे तत्सम उपकरण का, असा तो प्रश्न होता. त्याच वर्षी २० मार्चला फेसबुक, गूगल वगैरे कंपन्यांनी आपल्या संघटनेमार्फत निवडणूक आयोगाला स्वेच्छा आचारसंहिता सादर केली. त्या ४८ तासांत आयोगाने कळवलं तर मजकूर तीन तासांत हटवायचा, हे त्यात आलं. 'स्वेच्छा' हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येऊ.

आयोगाने स्वतः काय केलं होतं तेही सांगायला हवं, कारण ते अनेकांना ठाऊक नसतं. २५ ऑक्टोबर २०१३ च्या सूचनांनुसार उमेदवाराला आपली समाजमाध्यमांवरची खाती शपथपत्रात द्यावी लागतात. इंटरनेटवरच्या राजकीय जाहिरातीला आधी माध्यम प्रमाणन व सनियंत्रण समितीकडून मंजुरी लागते. आमच्यासाठी ती समिती अलिबागला. खर्चाच्या हिशोबात कंपनीला दिलेले पैसे तर येतातच, मजकूर तयार करायचा खर्च आणि त्यासाठी बसवलेल्या पोरांचे पगारही येतात. विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा महाराष्ट्रात ४० लाख आहे. मात्र उमेदवाराने किंवा समर्थकाने आपल्या खात्यावर नुसतं लिहिलं, तर ती जाहिरात नव्हे. 'बूस्ट' केलं, म्हणजे पैसे भरून पसरवलं, की जाहिरात.

कागदावर हे नीट बसतं. जमिनीवर कसं फाटतं याचा नमुना म्हणून आमचाच मतदारसंघ घ्या. कर्जत रायगड जिल्ह्यात, पण लोकसभेला मावळमध्ये, म्हणजे घाटावरच्या पिंपरी-चिंचवडसोबत. २०२४ मध्ये रायगड लोकसभेचं मतदान झालं ७ मे रोजी, मावळचं १३ मे रोजी आणि कल्याण, ठाणे, मुंबईचं २० मे रोजी. म्हणजे ११ मेच्या संध्याकाळी कर्जतमध्ये प्रचाराची शांतता सुरू झाली तेव्हा कल्याणात ऐन धुमाळी होती. कर्जत लोकलने रोज ठाण्याला कामाला जाणारा माणूस सकाळी शांतता क्षेत्रातून निघून तासा-दीड तासात प्रचार क्षेत्रात उतरत होता. त्याचा फोन त्याच्याबरोबर होता. पूर्ण महाराष्ट्र निवडून लावलेली जाहिरात घरी पलंगावर पडल्या पडल्याही त्याला दिसू शकत होती. सभेचा मंडप उतरवता येतो, भोंगा बंद करता येतो. हा तुकड्यातुकड्यांचा नकाशा फोनला कळावा अशी व्यवस्था कुणीच केली नव्हती.

बरं, मग त्या काळात आमच्याकडे काय दाखवलं गेलं, हे ॲड लायब्ररीत पाहता येईल का? उघडायला सोपी आहे. खातं नसलं तरी चालतं. देश निवडायचा, 'निवडणूक व राजकारण' हा प्रकार निवडायचा, नाव टाकायचं. राजकीय जाहिराती सात वर्षं जपल्या जातात, त्यामुळे जुन्याही मिळतात. पैसे कुणी दिले ते नाव, जाहिरात कधी सुरू झाली नि थांबली, खर्चाचा अंदाज, किती वेळा दिसली याचा अंदाज, पाहणाऱ्यांत स्त्री-पुरुष किती, कोणत्या वयाचे. चारफाट्यावरचा फ्लेक्स यातलं एकही सांगत नाही, हे कंपनीच्या बाजूने कबूल करायला हवं.

पण खर्च पट्ट्यात सांगितलेला असतो, नेमका आकडा नव्हे. आणि ठिकाण? राज्य. जाहिरात 'महाराष्ट्र'ला दिसली, बस. देणाऱ्याला मुलुंडच्या एका कोपऱ्यात टाचणी रोवता येते, पण पाहणाऱ्याला कर्जत आणि कोल्हापूर वेगळं करता येत नाही. ज्या बारकाईने विकलं त्याच बारकाईने दाखवायला काय हरकत होती, याचं पटेल असं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. गूगलचंही असंच एक केंद्र आहे. भारतातल्या निवडणूक जाहिरातींसाठी ते २०१९ पासून चालतं. २०२३ च्या मार्चपासून त्यात ओळख पडताळलेल्या सगळ्याच जाहिरातदारांच्या जाहिराती पाहता येतात. शिवाय निवडणूक जाहिराती फक्त वय, लिंग आणि पिनकोडपर्यंतच्या ठिकाणानुसार दाखवायच्या, असं बंधन गूगलने २०२० पासून स्वतःवर घालून घेतलं.

'पैसे कुणी दिले' या ओळीतही मेख आहे. नाव दिसतं, पण नावामागचा धनी दिसतोच असं नाही. 'द रिपोर्टर्स कलेक्टिव्ह' या पत्रकारगटाने ॲड.वॉच या संशोधन प्रकल्पाबरोबर २०१९ ते २०२० या काळातल्या फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या ५ लाख ३६ हजारांहून अधिक राजकीय जाहिराती तपासल्या आणि २०२२ मध्ये मांडल्या. पक्षाशी आपलं नातं न सांगता पक्षाचा प्रचार करणारे जाहिरातदार त्यात निघाले. फ्लेक्सवर 'एक हितचिंतक' असतो, तसाच हा. फरक इतकाच, की फ्लेक्सवरच्या हितचिंतकाचं घर गावाला माहीत असतं. तरी लक्षात घ्या, ही लबाडी सापडली ती संग्रह होता म्हणूनच.

आता पुन्हा बहिणीच्या प्लॉटकडे, कारण आमच्या भागात मतांपेक्षा जमिनीच्या जाहिराती कितीतरी जास्त. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग आखला गेला आणि कर्जत-खालापुरातला प्रत्येक माळ 'सेकंड होम' झाला. याबाबतीत कायदा खरं तर कडक आहे. स्थावर मालमत्ता प्रकल्पांसाठीचा रेरा कायदा २०१६, कलम ३ : नोंदणीशिवाय प्रकल्पाची जाहिरातच करायची नाही. प्लॉटिंगही त्यात आलं. सूट फक्त ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला किंवा आठपर्यंतच्या सदनिकांना. नियम मोडला तर प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड. या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाने, महारेराने, १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला, नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड. फोनवरच्या जाहिराती हुडकण्यासाठी जाहिरात क्षेत्रातल्या स्वनियमन संस्थेची, ॲस्कीची, मदतही घेतली.

बहिणीच्या स्क्रीनशॉटमध्ये क्यूआर नव्हता, नोंदणी क्रमांकही नव्हता. 'फार्म प्लॉट' होता. शेतजमीन म्हणून विकायची आणि बंगलीचं चित्र दाखवायचं, ही यातली जुनी वाट. महाराष्ट्रात शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीवाचून घेता येत नाही, कूळकायद्याचं कलम ६३ तसं सांगतं. हे मुलुंडमध्ये किती जणांना माहीत असेल? दहिवलीत टपरीवरच्या चौघांनाही माहीत आहे. पण जाहिरात त्यांना दिसत नाही, हे वर सांगून झालंच.

रेराचं कलम १२ तर ग्राहकाच्या हातातलं हत्यार आहे. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून आगाऊ रक्कम दिली आणि नुकसान झालं तर भरपाई, आणि व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासकट पैसे परत. त्यासाठी जाहिरात दाखवता यायला हवी. वर्तमानपत्रातली जाहिरात ग्रंथालयात मिळते, रद्दीतही मिळते. आणि ॲड लायब्ररीतली? राजकीय नसलेली जाहिरात भारतात तिथे दिसते ती चालू असेपर्यंतच. थांबवली की गेली. तिच्यावर किती खर्च झाला, कुणाला दाखवली, हे तर चालू असतानाही कळत नाही. जिथे सामान्य माणसाची आयुष्याची पुंजी अडकते, नेमका तो कप्पा सर्वांत रिकामा आहे.

युरोपात हाच कप्पा कायद्याने भरायला लावला. तिथल्या डिजिटल सेवा कायद्याचं कलम ३९ मोठ्या कंपन्यांना २०२३ च्या ऑगस्टपासून लागू झालं. जाहिरात साबणाची असो वा सरकारची, सगळ्यांची नोंद ठेवायची, कुणाच्या वतीने, पैसे कुणी भरले, कुणावर नेम धरला, किती जणांना दिसली हे सांगायचं आणि शेवटची दिसल्यावर वर्षभर जपायचं. ५ डिसेंबर २०२५ ला युरोपीय आयोगाने एक्स (पूर्वीचं ट्विटर) कंपनीला १२ कोटी युरोंचा दंड केला. त्याच्या कारणांत जाहिरातींचा संग्रह नीट नसणं हेही होतं. राजकीय जाहिरातींसाठी तिथे आणखी कडक नियम १० ऑक्टोबर २०२५ पासून आले, तेव्हा मेटा (फेसबुकची मालक कंपनी) आणि गूगलने युरोपात राजकीय जाहिराती घेणंच थांबवलं. हा दाखवण्याचा कंटाळा की नियम खरंच जाचक, याबद्दल तिथे वाद आहे. मला दोन्ही थोडं थोडं खरं वाटतं.

आपल्याकडे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी पैसे घेऊन दाखवलेला मजकूर तसा ओळखू येईल अशी खूण करायला सांगितलं आहे. फोनवर 'प्रायोजित' हा शब्द दिसतो तोच. संग्रह ठेवा असं सांगणारा कायदा मात्र नाही. जे आहे ते स्वेच्छेचं, आणि स्वेच्छा बदलते. मेटाचं क्राउडटँगल नावाचं साधन जगभरचे पत्रकार फेसबुकवर काय पसरतं आहे ते पाहायला वापरत. १४ ऑगस्ट २०२४ ला कंपनीने ते बंद केलं. विचारायचं कुणाला?

संग्रहात कधीच न येणारंही बरंच असतं. स्थानिक पेज चालवणारा पोरगा पैसे घेऊन प्लॉटवर उभा राहून रील करतो, 'पेड' असं कुठे लिहीत नाही. ॲस्कीची २०२१ ची नियमावली त्याला लागू आहे, पण त्याने तिचं नाव ऐकलेलं नसतं. पैसे कंपनीला न जाता पोराला गेले, म्हणून कंपनीच्या वहीत नोंद नाही. व्हॉट्सॲपच्या स्टेटसमध्ये जाहिराती आणायला २०२५ मध्ये सुरुवात झाली, पण आपल्याकडचा खरा प्रचार फॉरवर्डने फिरतो आणि त्याला पावतीच नसते.

बहिणीच्या जाहिरातीचं पेज मी ॲड लायब्ररीत शोधलं. तेव्हा ती चालू होती म्हणून सापडली. एकाच बंगलीचं चित्र तीन जाहिरातींत होतं. एकीत दहिवली, दुसरीत खोपोली, तिसरीत नेरळ. विमानतळ तिन्हींत तितक्याच मिनिटांवर. मी दुवा पाठवला, तिने हसण्याचं चिन्ह पाठवलं आणि रविवारी साइट व्हिजिटला यायचं ते नक्की ठरवलं. आठवड्याने पुन्हा पाहिलं तेव्हा पेजवर एकही जाहिरात नव्हती.

रविवारी ती कर्जत स्टेशनवर उतरली. एजंटने व्हॉट्सॲपवर ठिकाण पाठवलं होतं. मी स्कूटर सुरू करून उल्हासच्या पुलाकडे वळवणार, तेवढ्यात तिने मागून फोन पुढे धरला. टाचणी नेरळ-कळंब रस्त्यावर होती.